सुटल्यावर कुठे राहणार?

तुरुंगात आरोग्याची पाहणी करणाऱ्यांकडे किस्से मागावे लागत नाहीत, चहा येईपर्यंत दोन-तीन सांगून झालेले असतात. आमची टीम चौघींची. प्रमुख नंदाखाल गावच्या सुनंदाताई, नर्सिंगमध्ये केस पिकलेल्या. काम एवढंच, की आत किती माणसं आहेत, कोणाला काय दुखणं आहे, कोणाला टीबी आहे, याची नोंद करायची.

माझ्या सासूबाईंनी विरारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कौतुकाने सांगितलं, "सून सोमवारपासून तुरुंगात असते." संध्याकाळी शेजारणी डबे घेऊन धीर द्यायला हजर! डबे मी ठेवून घेतले.

*

पहिल्या दिवशी आम्ही "मोजणीला आलोय" म्हणालो मात्र, अख्खी बराक जोड्या करून उकिडवी बसली, माना खाली. तिथली रोजची गिनती तशीच होते. ताई म्हणाल्या, "तोंडं वर करा. जीभ बघायची आहे मला." बराकीत हशा पिकला.

*

घरोघरच्या सर्व्हेची सवय जाते थोडीच! ताईंनी एका आजोबांना विचारलं, घरात संडास आहे का? आजोबा शांतपणे म्हणाले, "आहे की. उशाशीच."

ताईंनी ते उत्तर जसंच्या तसं रिपोर्टात घातलं. पुढे बराकीतल्या उघड्या संडासाच्या त्या कोपऱ्याला भिंत आली, दारही आलं. मला आमच्या टीमचा फार अभिमान वाटला.

*

सुटल्यावर कुठे राहणार, हा प्रश्न ताईंनी फॉर्ममध्ये स्वतःहून वाढवला होता, म्हणजे औषधं त्या गावच्या आरोग्य केंद्रात आधीच पोचतील. एक जण म्हणाला, "मॅडम, मी सुटणार हे माझा वकीलसुद्धा धरून चालत नाही."

*

कामण गावचा भास्कर मात्र खोकला लपवायचा. टीबी निघाला तर लेकीला जवळ घेता येणार नाही, ही धास्ती. ती जन्मली तेव्हा हा आतच होता. ताईंनी पिच्छा पुरवून थुंकी तपासली. टीबी निघालाच, गोळ्या सुरू झाल्या. पुढे तपासणी स्वच्छ आली, पण ते त्याला सांगायच्या आत जामीन झाला.

त्याच दुपारी कामणच्या केंद्रातून फोन आला. भास्कर घरी न जाता पिशवीसकट आधी तिथे येऊन बसला होता. ताईंनी स्पीकर लावला.

"ताई, पोर भाईर आयशीबरोबर उभी हाय. घेवू का तिला? नाय म्हनलात तर लांबूनच बघतो."

"दोन्ही हातांनी घे," ताई म्हणाल्या.

फोन बंद करायचं तो विसरला. अनोळखी माणसाने उचललं म्हणून पोरगी भोकाड पसरून रडत होती, आणि आम्ही चौघी कितीतरी वेळ ते ऐकत बसलो.