तिरकी खाट

वडखळ नाक्यावर विमानतळाची गाडी आली तेव्हा आईने खिडकीतून दोनच गोष्टी सांगितल्या. "उपाशी निजू नको. नि उत्तरेला डोकं करू नको." डोळे सगळ्यांचेच भरले होते, पण दोष हायवेच्या धुळीवर गेला.

डोलवीच्या कारखान्यात क्रेन चालवायला शिकलो होतो, मस्कतलाही क्रेनच मिळाली. सेकंड शिफ्ट संपली की आईची पहिली आज्ञा पाळायचो: तिने दिलेल्या वालाचं बिरडं, भात, पेणचा पोह्याचा पापड, आणि लगेच आडवा. थोड्याच वेळात छातीत आग आणि घशाशी आंबट पाणी. गावी, कासूला, पाठ टेकली की घोरणारा मी इथे उशी मांडीवर घेऊन बसू लागलो. झोप यायची ती क्रेनच्या केबिनमध्ये. सुपरवायझरने बजावलं, आणखी एक डुलकी दिसली तर क्रेन विसर.

डॉक्टर म्हणाले, ॲसिड वर येतंय. झोपायच्या बऱ्याच आधी जेवा, पलंगाची उशाकडची बाजू उंच करा. साइटवरून विटा आणून लावल्या आणि सुट्टीच्या दिवशी कौतुकाने आईला व्हिडिओ कॉल केला. तिने विटा पाहिल्याच नाहीत. खिडकीतल्या मावळतीवरून दिशा काढली आणि म्हणाली, "अरे, उत्तरेला डोकं हाय तुझं."

मी निमूट उशी दुसऱ्या टोकाला टाकली. विटा तिथेच. पाय वर, डोकं खाली आणि बिरडं थेट घशात. आईचंही ऐकलं, डॉक्टरांचंही, मग चुकलं कुठे हे सकाळपर्यंत कळेना. शेवटी विटा दक्षिणेला नेल्या, जेवण शिफ्टच्या ब्रेकमध्ये उरकू लागलो. झोप लागली, क्रेन वाचली. रात्री काही न खाता निजतो, तेवढं आईपासून लपवलं.

यंदा सुट्टीत घरी धीर करून सांगितलं. वाटलं, रुसेल. ती उठून परसात गेली. संध्याकाळी पाहतो तर माझ्या खाटेच्या दक्षिणेकडच्या पायांखाली चिरे. दिवेलागणीलाच ताट वाढलं, आणि शेजारी तिचं स्वतःचं. सगळ्यांचं उरकल्यावर जेवून तशीच चटईवर कलंडणारी माझी आई माझ्याबरोबर जेवत होती.

"माझ्या पण छातीत जळतं रे," ती म्हणाली. "लय वर्षं. कुणाला सांगितलं नाय."



त्या रात्री खाट तिला दिली, मी चटईवर बसून राहिलो. माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनो, फोनवर आई विचारते जेवलास का. तुम्ही तिला विचारा, झोप लागते का. मला आता घर म्हटलं की ती तिरकी खाट दिसते, आणि तिच्यावर निवांत घोरणारी आई.