अकरा मात्रांचा संशय

काल आमच्या गाणी ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर एका पोराने विचारलं, ‘काका, जाझ-रॉक फ्यूजनचे भारी बँड सांगा ना.’ मी झरझर यादी लिहायला घेतली आणि कारधा गावातली ती दुपार आठवून बोट थांबलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वरठीच्या कारखान्यातल्या एका बंगाली इंजिनिअरकडून भरून घेतलेली फ्यूजनची कॅसेट मी भेटेल त्याला ऐकवत असे. त्या दिवशी शंकरभाऊंना गाठलं. ते धानाची शेती करत आणि भजनात तबला वाजवत. ओसरीत धानाच्या ताज्या तणशीचा, पेंढ्याचा वास भरला होता. गिटार सुरू झाली तसे भाऊंचे डोळे बारीक झाले. आधी त्यांना टेपचाच संशय आला. कॅसेट काढून त्यांनी पेन्सिलीने रीळ फिरवून पाहिलं. मग परत लावल्यावर वाजवणाऱ्यांचा आला.

‘पिऊन वाजवून राहिले का रे हे?’

मी हसलो. ते मात्र बोटांच्या पेरांवर मोजत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

‘अकरा मात्रा आहेत. बरोब्बर समेवर येऊन राहिले. तुले माहीत होतं?’

‘हो तर.’ मी कधी मोजलंच नव्हतं.

‘मंग सांगितलं काहून नाही?’

आता त्यांचे ते बारीक डोळे माझ्यावर होते. खेड्यातल्या माणसाला काय कळतं, असं मनात म्हणत मी सायकल काढली.

काल यादी पुसली आणि तोच तुकडा लावून पेरांवर मोजायला बसलो. चारदा लावला. चारही वेळा नवव्या मात्रेवर हुकलो.