सुगंधाबाईंचा जबडा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगणार कसं — तिनं वाढलेल्या ताटासमोर बसून? तुम्ही माझ्यासोबत जेवायला बसत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

नव्वदच्या दशकात मी मुंबईत जबड्याच्या शस्त्रक्रियेचं शिकत होतो. सुटीत रोह्याला घरी आलो की तिथल्या एका सर्जनच्या दवाखान्यात त्या सरांच्या हाताखाली उभा राहायचो. प्रबंधाचा विषय — जबड्याच्या स्नायूत कोणती प्रथिनं बनतात. पोटातल्या बाळाच्या स्नायूंत बनणारी काही प्रथिनं हातापायांत पुढं बंद होतात, जबड्यात मात्र मोठेपणीही बनत राहतात. केवढं नवल वाटायचं मला त्याचं! फक्त ताजा स्नायू हवा होता.

जवळच्या निडी गावच्या सुगंधाबाईंना बैलानं उडवलं, जबडा मोडला. सरांनी हाड जुळवलं आणि टाके मला घालायला सांगून ते हात धुवायला गेले. चावायचा स्नायू समोर उघडा. मी चिमूटभर तुकडा कापला — तेवढा पुरला असता. मग दुसरा कापला, अंगठ्याएवढा. पहिला खराब झाला तर? बाईंना आधी विचारलं होतं का? नाही. सरांना? नाही.

तुकडे बर्फाच्या थर्मासात घालून मुंबईला निघालो. वाटेत पेणला मित्राची हळद. उतरलो, नाचलो, मुक्काम केला. बर्फ बदलायचा राहून गेला. सकाळी झाकण उघडलं — शी! तो वास. एसटी स्टँडमागच्या उकिरड्यावर सगळं ओतलं. एक कुत्रं आलं आणि ते खाऊन गेलं. मी बघत उभा. बाईंचा गाल होता तो — आणि मला काय वाटलं? प्रबंध लांबला. एवढंच.

पुढच्या सुटीत बाई दवाखान्यात आल्या. एका बाजूचा गाल बसलेला. सर नेमके बाहेर गेलेले.

"डॉक्टर, भाकरी चावत नाय. जबडा लगेच दमतो."

मला कारण ठाऊक होतं. मी म्हणालो, हाड मोडलं होतं ना, आता असंच राहणार. त्यांनी मान हलवली.

"तुमी व्हता म्हणून तोंड तरी उघडतंय," म्हणाल्या आणि पिशवी पुढं केली. शेतातले वाल होते.

मी ते घेतले. हात मागं आला नाही — त्या हाताची मला आजही किळस येते. आईनं वालांना मोड आणून बिरडं केलं. छान झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं आणि दोन्ही बाजूंनी चावून खाल्लं.