टीमसाठी बांधलेला नारळ

२०१४, गणेश चतुर्थीची आदली संध्याकाळ. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातलं आमचं घर. हजर: मी, माझा नवरा सुधीर, पुण्याहून आलेल्या सासूबाई आणि आमची छोटी इरा.

आज मखराचं खोकं उघडलं आणि कापराच्या वासाबरोबर ती संध्याकाळ बाहेर आली. सुधीर आपल्या लाडक्या फुटबॉल टीमच्या रुमालात नवसाचा नारळ बांधत होता. टीम यंदाही तळाला राहणार, असं सगळेच म्हणत होते.

“लिहून ठेव, यंदा चॅम्पियन आपणच. त्या दिवशी हा फोडायचा.”

त्याच आठवड्यात त्याचं ऑपरेशन होतं. सासूबाई चिडल्या, “अरे, नवस बोलायचाच तर स्वतःसाठी बोल!”

“मला डॉक्टर आहेत गं आई. टीमला कोण आहे?”

“बाबा, बाप्पा डझन्ट वॉच फुटबॉल,” इरा म्हणाली आणि आम्ही खूप हसलो.

आता वाटतं, तो टीमच्या नावाने सीझन संपेपर्यंतचे दिवसच मागत होता. ते त्याला मिळाले नाहीत.

टीम अजून जिंकलेली नाही. देव्हाऱ्याजवळचा नारळ पुसायला उचलला, की आत सुटलेलं खोबरं खुडखुडतं. मखर उभं राहिलं, दिवे लागले. नारळ तेवढा फोडायचा राहिलाय.