तिच्या नावावरची माझी ओळ

मसाटच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो तिथे सूत बनतं. खाली मशिनं, वरच्या खोलीत आम्ही दोघं: मी आणि शिरपूरकडून आलेली एक सहकारी. सुताच्या खोक्यांवर वजनाची लेबलं छापणारा प्रोग्राम आम्ही सांभाळतो. ती मला दादा म्हणते, आणि हल्ली तेच मला टोचतं.

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट मीच आणलं. त्याआधी आमचं काम पेनड्राइव्हवरून फिरायचं आणि नवं कोणतं, जुनं कोणतं यावरून रोज वादावादी व्हायची. आम्ही ज्यात कोड लिहितो त्या एडिटरला मी गिट जोडून दिलं. मग कोडच्या कुठल्याही ओळीवर कर्सर नेला की ती कोणी, कोणत्या दिवशी लिहिली ते शेजारी फिक्या अक्षरांत दिसू लागलं. "आता कोणालाच हात झटकता येणार नाहीत," मी छाती फुगवून म्हणालो होतो. शहाणपण शिकवायची हौस मला पहिल्यापासून.

एका दुपारी ती मुलीच्या शाळेत, आमलीला गेली होती. माझा कॉम्प्युटर अपडेट होत बसलेला. खालून फोन आला, लेबलवरच्या वजनातून सूत गुंडाळलेल्या बॉबिनचं रिकामं वजन वजा करा, आत्ताच. तिचा स्क्रीन नेहमीसारखा उघडाच होता. मी तिच्या खुर्चीत बसलो, ओळ घातली आणि तिथूनच कमिट करून, म्हणजे गिटमध्ये नोंदवून, पाठवली. पाच मिनिटांचं काम. बॉबिनचं वजन वरच्या एका ओळीत आधीच वजा होत होतं, ते मी पाहिलंच नाही. ती परतल्यावर तिला सांगायचंही राहून गेलं.

दोन दिवसांनी गिऱ्हाइकाकडून माल परत आला. प्रत्येक खोक्यावर वजन कमी छापलेलं. मॅनेजर वर आले. मी ती ओळ उघडली, आणि शेजारी तिचं नाव आलं; तिच्या कॉम्प्युटरवरून पाठवलेलं गिट तिच्याच नावावर लिहितं.

"ये किसने किया?" नाव समोर दिसत असूनही त्यांनी विचारलं.

मी कायम झालेला माणूस, मला फार तर बोलणी बसली असती. ती महिन्याभरात कायम व्हायची होती. त्या क्षणी मला हे सगळं लख्ख ठाऊक होतं. तिने स्क्रीनवरचं नाव आणि तारीख वाचली. त्या तारखेला सकाळी, शाळेत जाण्याआधी, तिने त्याच फाइलवर काम केलं होतं. "सर, मेरे से ही हुआ होगा," ती म्हणाली. तिला आठवत नव्हतं, पण दादांनी जोडून दिलेलं खोटं कसं दाखवेल? मी गप्प बसलो. भ्यालो, दुसरं काही नाही. तिचं कायम होणं सहा महिने लांबलं.

पुढे ती कायम झाली, पण हात आखडला तो आखडलाच. साधा बदल असला तरी हाक यायची, "दादा, एकदा बघून घेता का?" मी बघायचो, आणि बरोबर आहे म्हणायचो.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक नवी मुलगी आली. तिला शिकवताना हिने गिटच्या जुन्या नोंदींतून नेमकी तीच ओळ उघडली. "हे बघ, हे माझ्या हातून झालेलं. तेव्हापासून मी तीनदा बघितल्याशिवाय काहीच पाठवत नाही." मी शेजारच्या टेबलावर होतो. मला स्वतःची शिसारी आली.

संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर मी तिला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "दोन वर्षं मी घरी गेल्यावरही मनात ओळी तपासते, दादा. ते कशासाठी मग?"

 सकाळी मॅनेजरना सांगितलं. ते हसले. "अरे छोडो, पुरानी बात है."

त्या दिवशी तिने मला काहीच बघायला सांगितलं नाही. दुपारी जेवायला उठली तेव्हा तिने आधी स्क्रीन लॉक केला, मग डबा घेतला.