कालव्याच्या अलीकडे

तंजावूरच्या आंतरराष्ट्रीय मिशन परिषदेला आमच्या वसईच्या धर्मग्रामातून, म्हणजे चर्चच्या पॅरिशमधून, खरं तर दुसऱ्याच बाई जायच्या होत्या. त्यांचा गुडघा सुजला आणि माझं, शाळेतल्या टीचरचं, नाव पुढे आलं. निघताना जो तो सांगत होता, मराठ्यांची राजधानी आहे, राजवाडा बघ, मोठं देऊळ बघ. देवळाचं शिखर मी तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा बसच्या खिडकीतून. बाकीचा वेळ एका कॉलेजच्या थंडगार सभागृहात गेला.

परिषदेचा विषय होता 'गरिबांचा आवाज'. पोलंड, केनिया, फिलिपिन्स, कुठून कुठून प्रतिनिधी आले होते. भाषांतर ऐकायला प्रत्येकाच्या कानाला यंत्र. माझ्या यंत्रातून फक्त पोर्तुगीज येत होतं. तक्रार केली तेव्हा स्वयंसेविकेनं हसून बॅटरी बदलली. मग पोर्तुगीज आणखी मोठ्यानं ऐकू येऊ लागलं.

मला इंग्रजी येतं असं फॉर्मवर लिहूनही दिमतीला एक मराठी दुभाषी दिली होती. तेवढं एक बरं झालं. सुगुणाबाई सत्तरीच्या, तालुका कचेरीतून निवृत्त झालेल्या, हिंदू. घराणं मराठ्यांच्या राज्यापासून तिथलंच. देवनागरी वाचता येत नव्हतं, पण बोलणं ऐकत राहावं असं. "बाई, जेवण जालं का? सादम (भात) आणखी घ्या," असं त्या तमिळ हेल काढून म्हणाल्या की माझा वैताग थोडा उतरायचा.

तिसऱ्या दिवशी 'गरिबांची भेट' होती. बस भाताच्या शेतांमधून तासभर गेली आणि एका कालव्याच्या काठी थांबली. मांडव घातलेला, खुर्च्यांना पांढरी कापडं. गावातल्या बाया सकाळपासून येऊन बसल्या होत्या, मांडवाबाहेर, उन्हात. सावली पाहुण्यांसाठी होती. आम्हा प्रत्येकाला शाल घातली, प्रत्येकाचा फोटो झाला. मग केळीच्या पानावर आम्हाला आधी जेवायला वाढलं, वाढणाऱ्याही त्याच बाया. मी एकीला शेजारी बसायला सांगितलं, तर ती घाबरून मागेच सरली.

नंतर 'संवाद' सुरू झाला. आरोग्यमेरी नावाची पन्नाशीची शेतमजूर बाई उभी राहिली. पुष्कळ वेळ बोलली, पुन्हा पुन्हा कालव्याकडे हात करत. गावचे धर्मगुरू फादर अरुळ यांनी इंग्रजीत सांगितलं, "तुम्ही इतक्या लांबून आलात याचा त्यांना फार आनंद झाला आहे. येण्याजाण्याच्या थोड्या अडचणी आहेत. तुमच्या प्रार्थना असू द्या."

टाळ्या झाल्या. सुगुणाबाई खाली बघत होत्या.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"फादरांनी सांगिटलं ना."

"तुम्ही सांगा."

त्या हळू आवाजात सांगू लागल्या. "ती म्हणते, आमचं गाव त्या काठास आहे. तुमच्या खुर्च्या ह्या काठास घातल्या, म्हणून तुम्हांस गाव दिसलं नाही. मधी नारळीचं खोड टाकलंय, तोच पूल. तिच्या सुनेस कळा आल्या, ऑटो ह्या काठास उभी. चौघींनी तिला खोडावरून आणताना पाय घसरले, सगळ्या पाण्यात. लेकरू वाचलं, सून गेली. मागच्या पाहुण्यांसही हेच सांगिटलं, म्हणते. ते रडले, फोटो काढून गेले."

मी तडक फादरांना गाठलं. "तुम्ही तिचं बोलणं का बदललंत?"

तिशीतला माणूस, घामानं निथळत होता. "टीचर, मागच्या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला. पूल झाला नाही. पाहुण्यांना का दुखावलं, म्हणून वरून मलाच विचारणा झाली. तिच्या सुनेला मीच पुरलं. मी काय करू, सांगा."

माझा राग अधिकच वाढला. मी साडी खोचली आणि खोडावर पाय टाकला. आरोग्यमेरीनं धावत येऊन हात धरला. पलीकडे पोचता पोचता माझा पाय सटकून गुडघ्यापर्यंत चिखलात गेला, चप्पल तिथेच राहिली. बाया खदखदून हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच. पलीकडे झावळ्यांची घरं होती. एका ओट्यावर तिची नात, तेच वाचलेलं लेकरू, बसून पेंढीतल्या भाताच्या लोंब्या उपटत होती. मी तिला उचलणार तोच बसचा हॉर्न वाजू लागला. "तुमच्यामुळे सगळ्यांना उशीर झाला," मी परतल्यावर संयोजक म्हणाले.

समारोपाच्या सत्रात मी माईक मागून घेतला आणि आरोग्यमेरीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आणि सभागृहात टाळ्या! अध्यक्षांनी माझ्या हृदयस्पर्शी कथनाचे आभार मानले. अहवालात 'ग्रामीण दळणवळणाच्या अडचणी' असा उल्लेख करू म्हणाले. "पूल म्हणा, पूल लिहा," मी म्हटलं. पण बाहेर चहा निवत होता, सगळे उठू लागले होते.

स्टेशनवर सुगुणाबाई पोचवायला आल्या. "एवढी वर्षं कचेरीत होतें. तो कालवा नकाशात पाहिला होता, डोळ्यांनी आता पाहिला," त्या म्हणाल्या. "अर्ज कसा लिहावा तें मला ठाऊक आहे. आरोग्यमेरीस संगती घेऊन मीच जातें."

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. कोणी साहेब येऊन माप घेऊन गेले. पूल अजून नाही.

डिसेंबरात आम्ही धर्मग्रामातल्या बाया दरवर्षीप्रमाणे पाड्यावर ब्लँकेटं वाटायला गेलो. पूर्वी तिथल्या शाळेत शिकवल्यामुळे मला वारली बोली कळते, म्हणून दुभाषी मीच असते. एक म्हातारी बराच वेळ बोलत राहिली, डोंगराकडे हात करून. मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणते गं?"

"त्यांना फार आनंद झालाय," हे वाक्य माझ्या ओठांवर आलंसुद्धा होतं. इतकी वर्षं मी तेच सांगत आले होते. मी ते गिळलं, म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिला म्हटलं, आये, पहिल्यापासून सांग.