घरचा काळा गूळ
आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पीएचडीत मी गुळापासून कार्बनचे अतिपातळ पापुद्रे बनवत होतो. पहिला नमुना जमला, पण पुढे चार महिने एकही जमेना आणि प्रबंध अडला. सुट्टीत गावी, लासुर्ण्याला आल्यावर वडिलांना सांगितलं.

"गूळ कुठला घेतलास?"

"आधी घरचा. तो संपल्यावर बाजारातला, चांगला पिवळाधमक."

"सायेब, एवढं शिकून रंगाला भुललास व्हय? रंग खुलवायला त्यात पावडर टाकत्यात. आपल्या काळ्यात तसलं काय न्हाय."

घरची ढेप घेऊन परतलो. आठवड्याने सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यासारखेच पापुद्रे दिसले. मी लगेच वडिलांना फोन लावला.

"जमलं न्हवं? मग आता नीट जेव," ते म्हणाले.